पुढून खडखड, पण नेमकी कुठून?

शॉकअप नवे, आवाज जुनाच

टोमॅटोचे कॅरेट भरून नारायणगावातून वाशीच्या बाजार समितीकडे निघणाऱ्या पिकअप हे जुन्नर भागातले नेहमीचे दृश्य आहे. समजा, त्यातली एक गाडी ११ वर्षांची आहे. आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, कल्याण असा तिचा रस्ता. पावसाळा संपता संपता खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड ऐकू येऊ लागली. मालकाने दोन्ही शॉकअप बदलले, आवाज गेला नाही. मग आर्मचे बुश बदलले. आवाज थोडा दबल्यासारखा वाटला आणि आठवड्याने पुन्हा सुरू झाला. आता कोणी स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगतो, कोणी गाडीच काढून टाकायला. मालकाचा प्रश्न साधा आहे : एवढे सामान बदलले, तरी आवाज जात का नाही?

जुनी पिकअप चालवणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्याच्या उत्तराचा पहिला भाग आवाजाच्या स्वभावातच आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे माणूस दोन गोष्टींवरून ओळखतो : कोणत्या कानाला तो आधी पोचला आणि कोणत्या कानाला मोठा वाटला. उघड्या हवेत हे जमते, कारण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो सेकंदाला ५,००० मीटरहून जास्त वेगाने धावतो. डाव्या चाकापाशी बसलेला ठोका चासीत शिरतो, चासीतून केबिनच्या पत्र्यात जातो आणि पायाखालचा सगळा पत्रा एकदम वाजतो. कानाला दिशा कळावी असे काही उरतच नाही. उजवे चाक वाजते अशी शपथ घेणाऱ्या चालकाच्या गाडीत दोष डावीकडे निघणे, यात नवल काही नाही.

त्यामुळे 'टकटक म्हणजे अमुक भाग, करकर म्हणजे तमुक' असा तक्ता या प्रकरणात दिलेला नाही. एकच 'खट' चार-पाच वेगवेगळे भाग करू शकतात. उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी : आवाज कधी येतो याची नोंद, आणि संशयित भाग हाताने हलवून पाहणे.

चाक आणि चासी यांच्यामध्ये काय असते

तपासायचे तर आधी तिथे काय काय आहे ते कळले पाहिजे. पुढच्या सस्पेन्शनची एक रचना म्हणजे सरळ आडवा अ‍ॅक्सल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाटे. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप मुंबईत जोडायला घेतल्या, त्यांची पुढची बाजू याच पद्धतीची होती, आणि भार वाहायला बांधलेल्या काही गाड्यांत ती आजही दिसते. एक चाक खड्ड्यात गेले की अ‍ॅक्सलमुळे दुसरेही थोडे हलते.

दुसऱ्या रचनेत दोन्ही चाके आपापली स्वतंत्र वर-खाली होतात. प्रत्येक चाकाला एक वरची आर्म आणि एक खालची आर्म असते. दोन्ही आर्म चासीकडच्या टोकाला रबरी बुशवर डोलतात आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंटने जोडलेल्या असतात. वजन पेलायला गुंडाळीची स्प्रिंग असते, नाहीतर टॉर्शन बार असतो. टॉर्शन बार म्हणजे पोलादाची सरळ लांब कांब. तिचे एक टोक आर्मला आणि दुसरे चासीला घट्ट धरलेले असते. चाक वर गेले की कांब पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो.

यात शॉकअप कुठे आला? तो वजन पेलत नाही. दबलेली स्प्रिंग उसळली की वर-खाली झुलत राहते, ते झुलणे थांबवणे एवढेच त्याचे काम. आत तेल आणि पिस्टन. आवाज आला की पहिला आळ शॉकअपवर येतो, कारण तो दिसतो, त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि तो अर्ध्या तासात बदलता येतो. खरे तर थकलेला शॉकअप बहुधा वाजत नाही. गाडी डोलते, ब्रेकला नाक खाली घालते, टायरची झीज खाचाखाचांची होते. वाजतात ती त्याच्या दोन टोकांची रबरे आणि सैल नट. नवा शॉकअप जुन्याच रबरांवर बसवला, तर खडखड जागच्या जागी राहते.

उरलेले दोन भाग म्हणजे स्टॅबिलायझर बार आणि स्टिअरिंगचे सांधे. स्टॅबिलायझर बार डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी वाकवलेली सळई असते. वळणावर गाडी एका अंगावर कलू लागली की ती पिळली जाते आणि कल रोखते. तिच्या टोकांना छोटे लिंक रॉड असतात. पुढे टाय रॉडचे एंड, आयडलर आर्म, स्टिअरिंग बॉक्स. प्रत्येक सांध्यात थोडी जागा झाली की तिथे धातूवर धातू आपटतो, आणि त्यालाच खडखड म्हणतात.

आवाज कधी येतो?

गॅरेजला जाण्याआधी मालकाने एक रिकामा रस्ता आणि अर्धा तास काढला, तर निम्मे संशयित तिथेच सुटतात. खिडक्या उघड्या, रेडिओ बंद, हौदा रिकामा.

पहिली परीक्षा गतिरोधकाची. सरळ, रस्ताभर पसरलेल्या गतिरोधकावरून सावकाश जावे. दोन्ही चाके एकदम वर जातात, त्यामुळे स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही आणि लिंक रॉड जवळजवळ गप्प राहतात. मग फक्त एक चाक रस्त्याच्या कडेवर चढवावे किंवा लहान खड्ड्यातून न्यावे. आता बार पिळला जातो. एका चाकाच्या धक्क्याला खडखड येते आणि दोन्ही चाकांच्या धक्क्याला येत नाही, असे झाले तर लिंक रॉड आणि बारची रबरे पहिल्या नंबरवर. जुन्नरच्या त्या पिकअपमध्ये नेमके हेच घडू शकते : शॉकअप आणि बुश बदलले गेले, आणि झिजलेले दोन लिंक रॉड कोणी पाहिलेच नाहीत. खात्री करायची असेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून, बार बांधून ठेवून, मोकळ्या जागेत अगदी सावकाश गाडी फिरवावी. आवाज गायब झाला तर शोध संपला. बारशिवाय गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ही चाचणी रहदारीत किंवा घाटात करू नये.

दुसरी परीक्षा ब्रेकची. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते. किती? समजा गाडी आणि माल मिळून २,८०० किलो आहेत, वजनाचा मध्य जमिनीपासून ०.९ मीटर उंच आहे, पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि ब्रेक बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने लागला आहे. २,८०० ला ०.५ ने आणि ०.९ ने गुणून ३ ने भागले की ४२० येतात. म्हणजे सव्वाचारशे किलोंच्या आसपास जादा भार क्षणात पुढच्या चाकांवर येतो, आणि त्याच क्षणी रस्ता चाकांना मागे खेचत असतो. आर्मचे बुश फाटलेले असतील तर आर्म मागे सरकून एकदाच 'ठक' करते. ब्रेक सोडून गाडी मागे घेतली की उलट्या बाजूने आणखी एक 'ठक'. मैदानात पुढे-ब्रेक, मागे-ब्रेक असे दोन-चारदा करावे आणि कोणाला तरी सुरक्षित अंतरावर बाजूला उभे करून चाकाकडे बघायला सांगावे. चाक मडगार्डच्या पोकळीत पुढे-मागे सरकताना दिसते.

अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड पिकअपच्या मालकांना हा ठोका चांगला परिचयाचा आहे. फोर्डने १९६५ च्या पिकअपमध्ये पुढे दोन स्वतंत्र बीम असलेली 'ट्विन आय-बीम' रचना आणली. त्या बीमना पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या लांब आर्मच्या मागच्या टोकाला रबरी बुश असतात. ते संपले की प्रत्येक ब्रेकला पायाखाली एक ठोका बसतो.

तिसरी परीक्षा वळणाची. एकसारख्या वेगाने जाताना घरघर येत असेल आणि वेगाबरोबर तिचा सूर चढत असेल, तर व्हील बेअरिंग किंवा टायर. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा घरघर वाढली तर डावे बेअरिंग, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजवे. टायरची खाचाखाचांची झीजही अगदी अशीच घुमते. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकावेत : घरघर मागे गेली तर टायर, पुढेच राहिली तर बेअरिंग. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर गोल फिरताना येणारी कटकट पुढचे सीव्ही जॉइंट गेल्याचे सांगते, पण ते फक्त चारही चाकांना ताकद जाणाऱ्या पिकअपमध्ये असतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढे तो भागच नसतो, तेव्हा त्याचे बिल कोणी लावले तर विचारावे.

आणखी एक हिशेब उपयोगी पडतो, तो चाकाच्या फेऱ्यांचा. २१५/७५ आर १५ मापाचे टायर घेऊ. २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिचे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वरची आणि खालची भिंत मिळवली की चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटर आणि परीघ सुमारे २.२ मीटर. ताशी २० किलोमीटरला गाडी १० सेकंदांत ५५ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या २५ फेऱ्या होतात. टिकटिक १० सेकंदांत साधारण २५ वेळा येत असेल आणि ताशी ४० ला दुप्पट होत असेल, तर फिरणाऱ्या गोष्टीतच काहीतरी आहे : टायरमध्ये रुतलेला खडा किंवा खिळा, वाकलेली डिस्क, बेअरिंग, सैल झालेले व्हील नट. रस्ता गुळगुळीत असताना गप्प आणि खड्ड्यात वाजणारा आवाज या मोजणीत बसत नाही. तो सस्पेन्शनचा.

व्हील नट मात्र कोणत्याही आवाजाला सर्वांत आधी तपासावेत. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते सैल असतील तर बाकी कशाची वाट बघण्यासारखी परिस्थिती नसते.

जॅक कुठे लावायचा

रस्त्यावरच्या नोंदीनंतर गाडीखाली जायचे. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि जॅकबरोबर भक्कम घोडी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोके घालू नये. हायड्रॉलिक जॅकचे एक सील गेले की गाडी खाली येते.

जॅक कुठे लावला यावर पूर्ण तपासणी खरी की खोटी हे ठरते, आणि घाईच्या गॅरेजांत हेच राहून जाते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर जोर देत असेल, तर भार वाहणारा बॉल जॉइंट खालचा. अशा गाडीत जॅक चासीला लावून चाक लटकवले की स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते, सांधे ताणले जातात आणि त्यांच्यातला ढिलेपणा लपतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ बसेल तितका लावावा, म्हणजे स्प्रिंगचा जोर जॅकवर येतो आणि सांधा मोकळा होतो. काही गाड्यांत स्प्रिंगचा किंवा टॉर्शन बारचा जोर वरच्या आर्मवर असतो. तिथे भार वाहतो तो वरचा बॉल जॉइंट आणि जॅक चासीला लावायचा.

मग चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. खटखट लागली तर ती बॉल जॉइंटची किंवा बेअरिंगची. दोन्हींतला फरक ओळखायची युक्ती साधी आहे : मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक लागला की चाक आणि ते ज्यावर बसते तो नकल जवळजवळ एक होतात, त्यामुळे बेअरिंगचा ढिलेपणा नाहीसा होतो. ब्रेक दाबूनही चाक हलत असेल तर बॉल जॉइंट. ही युक्ती माहीत नसल्याने चांगली बेअरिंगे काढून टाकली जातात.

नंतर ९ आणि ३ च्या जागी धरून हलवावे. इथली खटखट बहुधा टाय रॉड एंडची किंवा आयडलर आर्मची. गाडी जमिनीवर उभी करून, मदतनिसाला स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे झटपट थोडे थोडे हलवायला लावून, एकेका सांध्यावर हात ठेवला की हे आणखी स्पष्ट कळते. दोन तुकडे जिथे एकाच वेळी हलत नाहीत, तिथे सांधा संपला. बोटे चिमटणार नाहीत अशी धरावीत.

शेवटी टायरखाली लांब टॉमी घालून चाक हळूच उचलावे. बॉल जॉइंट उभ्या दिशेने हलतो का, ते बघायचे. डोळ्याला जे थोडे वाटते ते सांध्याच्या मानाने किती, याचाही अंदाज हवा. वरचा आणि खालचा बॉल जॉइंट एकमेकांपासून २८ सेंटिमीटरवर आहेत आणि टायर ७० सेंटिमीटर उंच आहे असे धरू. खालच्या सांध्यात १ मिलिमीटर जागा झाली, तर टायरच्या वरच्या आणि खालच्या कडा मिळून अडीच मिलिमीटर हलतात. चाकावर बरेच वाटणारे हलणे मुळात थोडे असू शकते. किती चालेल हे कंपनीच्या वर्कशॉप पुस्तकात दिलेले असते. काही बॉल जॉइंटमध्ये थोडी उभी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, काहींत ती शून्यच असावी लागते.

बॉल जॉइंटशी गंमत नको

या सगळ्या भागांत एक भाग वेगळा आहे. लिंक रॉड तुटला तर गाडी कलेल, बुश संपला तर ती एका बाजूला ओढेल. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही.

त्याची रचना खुब्याच्या सांध्यासारखी असते : वाटीत बसलेला गोळा. वाटीत ग्रीस आणि तोंडाशी रबरी बूट. नव्या सांध्यात गोळा वाटीत घट्ट बसून सगळ्या दिशांना फिरतो. बूट फाटला की पावसाचे पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि मातीमिश्रित लगदा धातू घासत राहतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर येणारी कोरडी करकर ही पहिली खूण. त्यानंतर ठोका. काही सांध्यांना ग्रीस भरायचे निप्पल असते, तिथे वेळेवर ग्रीस मारले तर वर्षे वाढतात. निप्पल नसलेला सांधा मात्र बूट फाटल्यावर फार टिकत नाही.

खालचा बॉल जॉइंट कसा बसवला आहे याने धोका बदलतो. काही रचनांत भार गोळ्याला वाटीत दाबतो. झिजला तरी तो बराच काळ जागेवर राहतो. काही रचनांत भार गोळ्याला वाटीतून बाहेर ओढत असतो. टोयोटाच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या टॅकोमा पिकअपचा खालचा सांधा या दुसऱ्या प्रकारचा होता. २००५ साली टोयोटाने तिथे टॅकोमा, टुंड्रा अशा साडेसात लाखांहून जास्त पिकअप आणि मोठ्या गाड्या पुढच्या बॉल जॉइंटच्या दोषासाठी परत बोलावल्या. बनवताना गोळ्याच्या पृष्ठभागावर ओरखडे राहिल्यास सांधा लवकर झिजून सुटण्याची भीती होती. निष्काळजी मालकाच्या नव्हे, तर नामांकित कंपनीच्या तुलनेने नव्या गाड्यांत हे घडले, म्हणून ११ वर्षांच्या, भार वाहिलेल्या पिकअपमध्ये या सांध्याकडे दुर्लक्ष करणे अक्षम्य आहे.

रबर कसे म्हातारे होते

बुश म्हणजे पोलादाच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेले रबर. आर्म डोलते तेव्हा रबर पिळले जाते आणि परत येते. उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल यांनी ते कडक होते, भेगाळते, शेवटी नळीपासून सुटते. सुटण्याआधी कुरकुर, सुटल्यावर ठोका.

कुरकुरणारा बुश शोधायला साबणाचे पाणी पुरते. एकेका बुशवर फवारायचे आणि गाडीचा कोपरा दाबून बघायचा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर कुरकुर क्षणभर थांबते, तो आपला. सगळ्यांवर एकदम फवारले तर काही कळत नाही. अनेक जण इथे ऑइल किंवा डिझेल मारतात. सर्व्हिसिंगनंतर गाडीच्या पोटावर डिझेल-ऑइलचा फवारा मारायची पद्धत तर सर्रास आहे. पत्र्याला त्याने गंज कमी लागत असेल, पण नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि मऊ पडते. दोन दिवसांच्या शांततेसाठी बुशचे आयुष्य घालवण्यात शहाणपण नाही. वंगण द्यायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस द्यावे.

नवे बुश टाकूनही महिन्याभरात कुरकुर परत येते, त्याचे कारण पुष्कळदा सामानात नसते, नट आवळण्याच्या वेळेत असते. गाडी जॅकवर आणि चाके लटकलेली असताना बुशचे नट पूर्ण आवळले, तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की आर्म वर जाते आणि रबर कायमचे पिळलेले राहते. प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. चिकटवलेल्या रबराच्या बुशचे नट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढची बाजू दोन-चारदा दाबावी आणि मगच शेवटचा आवळ द्यावा. मेकॅनिकला हे आवर्जून सांगावे. याला जास्तीचा पैसा लागत नाही.

टॉर्शन बारच्या गाड्यांत आणखी एक दोष माणसाच्या हातून येतो. पुढची बाजू बसली म्हणून अ‍ॅडजस्टिंग बोल्ट आवळून ती उंच केली जाते. जास्त उंच केली की चाक खाली जायला जागाच उरत नाही, आणि खड्ड्यात चाक उतरले की आर्म रबरी बफरवर आदळते. शिवाय बॉल जॉइंट नेहमीपेक्षा तिरक्या कोनात काम करू लागतो. उंची कंपनीने दिलेल्या मापावर आणली की हा ठोका एक पैसा न घालता जातो. बोल्ट स्वतः मात्र फिरवू नये. पिळलेल्या बारमध्ये आणि दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याइतका जोर साठलेला असतो.

पाट्यांची गाडी

पुढे पाटे असलेल्या गाडीत संशयित कमी. पाट्यांमधली कुरकुर धूळ-गंजाची असते, ती त्रासदायक असली तरी धोक्याची नाही. धोक्याचे दोनच. यू-बोल्ट सैल झाले तर अ‍ॅक्सल पाट्यांवर सरकतो आणि आतला सेंटर बोल्ट तुटू शकतो. तो तुटला की एका बाजूचे चाक मागे-पुढे होते. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर टेपने मोजले की फरक लगेच दिसतो. पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश आणि चाक ज्याभोवती वळते ते किंगपिन झिजले तर खड्ड्यात ठोका येतो, आणि तोही वर सांगितल्याप्रमाणे चाक हलवून सापडतो. पाट्यांची पाने एकेक करून टॉर्चने बघावीत. तुटलेल्या पानाच्या भेगेत गंजाची लाल रेघ असते.

आवाज पुढचा, दोष दुसरीकडचा

सस्पेन्शनमध्ये काहीच सापडले नाही, तर सस्पेन्शन चांगले आहे असे मानायची तयारी हवी. खराब रस्त्यावर बारीक खडखड येत असताना ब्रेकवर पाय नुसता टेकवावा. आवाज थांबला तर कॅलिपरमध्ये सैल झालेले ब्रेक पॅड. जॅक, पाना, बॅटरीचा क्लॅम्प, बॉनेटचे लॉक, केबिनखालची रबरे, हौद्याचे बोल्ट आणि फाळक्याच्या साखळ्या हे सगळे बघून घ्यावे. फाळका मागे असतो, पण पत्र्यातून त्याचा आवाज कुठूनही येतो.

याचा गाजलेला दाखला शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअपचा आहे. १९९९ च्या मॉडेलपासून आलेल्या या गाड्यांत सावकाश वळताना आणि धक्क्यांवर पुढून 'टक' यायचा. चालकांना तो सस्पेन्शनचा वाटे, आणि बॉल जॉइंट-बुश बदलूनही जात नसे. दोष होता स्टिअरिंग व्हीलपासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जाणाऱ्या मधल्या शाफ्टमध्ये. एकमेकांत सरकणाऱ्या त्याच्या दोन तुकड्यांतले वंगण संपले की ते अडकून झटक्याने सुटत. जनरल मोटर्सने त्यासाठी डीलरांना ग्रीस भरण्याच्या सूचना दिल्या आणि पुढे सुधारलेला शाफ्टही आणला. ओळखायची खूण सोपी होती : तो टक कानांपेक्षा तळहातांना आधी कळायचा, थेट स्टिअरिंगमधून.

दोष सापडल्यावर

दोन्ही बाजूंचे लिंक रॉड, शॉकअप आणि त्यांची रबरे जोडीने बदलावीत. बॉल जॉइंट झिजलेल्या बाजूचाच बदलला तरी चालतो, पण दुसऱ्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी. आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड उघडला असेल तर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी लांब पाठवू नये, नाहीतर नव्या टायरची कड थोड्याच दिवसांत खाल्ली जाते. काही दिवस चालल्यावर उघडलेले सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. बदललेले जुने भाग मालकाने मागून घ्यावेत आणि हातात घेऊन हलवून बघावेत. जो भाग हातात मुळीच सैल लागत नाही, तो आवाजाचे कारण नव्हता, आणि शोध पुढे चालू ठेवायला हवा.

माल वाहणाऱ्या गाड्यांना ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते, पण दोन पासिंगच्या मधल्या हजारो किलोमीटरांत सांध्यांकडे बघणारे मालक आणि चालक हेच असतात. दर ऑइल बदलाच्या वेळी चारही बॉल जॉइंटचे बूट टॉर्चने पाहून घ्या. त्यातला एक जरी सांधा ढिला सापडला, तर त्या दिवशी माल भरू नका आणि गाडी घाटात नेऊ नका. ती उचलून गॅरेजला न्या.